मलबार हिलचा सुरुवातीचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मलबार हिल म्हटलं की राजभवन, मंत्र्यांचे बंगले आणि कोट्यवधींचे फ्लॅट एवढंच डोळ्यांपुढे येतं. हे सगळं फार अलीकडचं आहे. या पानावर शिलाहारांच्या काळापासून प्लेगच्या साथीपर्यंतचे प्रश्न घेतले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो: या टेकडीचा इतिहास पैशाच्या मागे जाऊन शोधला तर अर्धाच हाती लागतो. पाण्याच्या मागे गेलं तर बरंच काही उलगडतं.

मलबार हिल म्हणजे नेमका कोणता भाग?

दक्षिण मुंबईच्या पश्चिम कडेला उत्तर-दक्षिण पसरलेली काळ्या बसाल्ट खडकाची एक रांग आहे. तिचं दक्षिणेकडचं टोक समुद्रात शिरतं, तो मलबार पॉइंट. आजचं राजभवन (आता नाव लोकभवन) तिथे आहे. उत्तरेकडे हीच रांग खंबाला हिल म्हणून पुढे जाते. पूर्वेला गिरगाव चौपाटी आणि बॅक बे, पश्चिमेला उघडा अरबी समुद्र. उंची साधारण १८० फूट, म्हणजे जेमतेम ५५ मीटर. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला याला डोंगर म्हणायचं जिवावर येईल. पण सपाट, दलदलीच्या मुंबईत एवढ्या उंचीलाही मोठी किंमत होती.

मुंबईच्या सात बेटांपैकी हे एक बेट होतं का?

नाही. डोंगरीपासून मलबार हिलपर्यंतचा भाग मिळून मुंबईचं मुख्य बेट होत असे आणि ही टेकडी म्हणजे त्याची पश्चिमेची कड. मात्र खंबाला हिल आणि वरळी यांच्या मधल्या खिंडारातून भरतीचं पाणी आत घुसायचं आणि टेकडीच्या ईशान्येकडची सखल जमीन चिखलाने भरायची. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्या कारकिर्दीत, १७८४च्या सुमारास, तिथे बांध पूर्ण झाला. तोच हॉर्नबी वेलार्ड. त्यानंतर आतली जमीन हळूहळू कोरडी होत गेली आणि टेकडीची मागची बाजू शहराला जोडली जाऊ लागली.

इथली सगळ्यात जुनी वस्ती कोणाची?

देवळाभोवतीची. टेकडीच्या दक्षिण उतारावर, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर वाळकेश्वर आणि बाणगंगा आहेत. कथा सर्वांना ठाऊक आहे. सीतेच्या शोधात निघालेला राम इथे थांबला, लक्ष्मण काशीहून लिंग घेऊन यायला उशीर करू लागला म्हणून रामाने वाळूचंच लिंग केलं, आणि तहान लागली तेव्हा जमिनीत बाण मारून पाणी काढलं. इतिहासाच्या बाजूने पाहिलं तर हे क्षेत्र उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळातलं. बाणगंगेचा तलाव ११२७ साली शिलाहार दरबारातल्या लक्ष्मण प्रभू या मंत्र्याने बांधला, असं परंपरेने सांगितलं जातं.

तीर्थ म्हटलं की त्याच्याभोवती माणसं आलीच: गुरव, भटजी, धर्मशाळा चालवणारे, मठात राहणारे गोसावी, खाली किनाऱ्याला कोळी. शेजारीच स्मशान. दशनामी गोसाव्यांच्या समाध्या आजही तलावाजवळ आहेत. सारस्वतांचा कवळे मठ, परशुरामाचं देऊळ, पेशवाई धाटणीचं व्यंकटेशाचं देऊळ हे सगळं याच दाटीत आहे. इमारतींची सरमिसळ पाहिली की वस्ती कोणी आखून वसवलेली नाही, ती साचत गेली आहे, हे लगेच कळतं. टेकडीवरच्या बंगल्यांचा इतिहास सांगणारे लोक हा भाग दोन ओळींत उरकतात. मला तो उरकण्यासारखा वाटत नाही, कारण बंगल्यांच्या आधी निदान सातशे वर्षं टेकडीचा पत्ता हाच होता.

समुद्र इतका जवळ असताना बाणगंगेचं पाणी गोडं कसं?

टेकडीमुळे. पावसाचं पाणी बसाल्टच्या भेगांमधून आत मुरतं आणि उताराच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. वरून येणाऱ्या गोड्या पाण्याचा दाब असतो तोवर खारं पाणी मागे रेटलं जातं. टेकडीच्या पायथ्याशी बारमाही झरा, माथ्यावर मात्र कोरडा खडक. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जुनं वाळकेश्वराचं देऊळ कुठे गेलं?

पोर्तुगीज अमलात ते उद्ध्वस्त झालं. १५३४च्या वसईच्या तहाने मुंबई पोर्तुगीजांकडे गेली, १६६१च्या विवाह-कराराने ती इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली, प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये मिळाला आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. या उलाढालीनंतर थोड्याच वर्षांनी, १६७३ मध्ये, जॉन फ्रायर हा कंपनीचा डॉक्टर मुंबईत उतरला. टेकडीचं त्याने केलेलं वर्णन मोलाचं आहे: खडकाळ, झाडीने भरलेली, उंच गवताची टेकडी, माथ्यावर पारशांनी नुकतीच बांधलेली अंत्यविधीची जागा, समुद्राकडच्या उतारावर एका प्रचंड देवळाचे अवशेष आणि त्याजवळ गोड्या पाण्याचा तलाव. म्हणजे तेव्हा देवळाचे नुसते अवशेष होते, तलाव मात्र वापरात होता. मलबार पॉइंटवर कोरीव दगड त्यानंतरही कितीतरी वर्षं विखुरलेले होते.

मग आजचं देऊळ कोणी बांधलं?

रामा कामती यांनी, १७१५ मध्ये. देऊळ आणि तलाव या दोन्हींचा जीर्णोद्धार त्यांच्या नावावर आहे. गौड सारस्वत समाजातला हा मोठा व्यापारी कंपनी सरकारच्या अगदी आतल्या गोटात वावरत असे. १७१८च्या नाताळात फोर्टमधलं सेंट थॉमस चर्च उघडलं, तेव्हा तेही आपल्या माणसांसह तिथे हजर होते.

पुढे दोनच वर्षांत सगळं फिरलं. कान्होजी आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप त्यांच्यावर आला, १७२० मध्ये गव्हर्नर चार्ल्स बून यांच्या राजवटीत खटला चालला, मालमत्ता जप्त झाली आणि १७२८ मध्ये कैदेतच त्यांचा अंत झाला. ज्या पत्रांच्या आधारावर हे केलं ती बनावट असल्याचं नंतर उघडकीला आलं. मुंबईत कंपनीच्या न्यायदानाचे गोडवे गाणाऱ्यांना हा खटला जरूर वाचायला द्यावा. रामा कामतींचा तुरुंग आज कोणाला आठवत नाही, देऊळ मात्र उभं आहे.

'मलबार' हे नाव कुठून आलं?

केरळच्या मलबार किनाऱ्याकडून येणाऱ्या गलबतांमुळे. काही जण त्यांना यात्रेकरू म्हणतात, काही जण चाचे. फ्रायरच्या लिखाणात हे मलबारी लोक मुख्यतः गोड्या पाण्याच्या तलावासाठी येत, असं स्पष्ट आहे. लांबच्या समुद्रप्रवासात गोडं पाणी मिळणारा किनारा दर्यावर्दी विसरत नाहीत, मग ते देवाला आलेले असोत की लुटीला.

श्रीगुंडी म्हणजे काय?

मलबार पॉइंटच्या खडकात एक भेग होती. तिच्यातून सरपटत पलीकडे निघालं की पापं धुतली जातात, अशी श्रद्धा होती. कान्होजी आंग्रे वेषांतर करून इथे येऊन गेले, असंही सांगतात. आंग्र्यांसारख्या कंपनीच्या कट्टर शत्रूने कंपनीच्याच बेटावर येऊन जावं, ही लोकांना आवडणारी गोष्ट आहे. दंतकथा म्हणूनच ती घ्यावी. आज राजभवनाच्या आवारात श्रीगुंडी देवीचं लहानसं देऊळ आहे आणि कोळी समाज तिला सागरमाता मानतो.

पारशांनी दोखम्यासाठी हीच टेकडी का निवडली?

कारण तेव्हा ती गावाबाहेर होती. दोखमा म्हणजे पारशी आपले मृतदेह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवतात ती वास्तू. तिला उंच, खडकाळ आणि मनुष्यवस्तीपासून दूर अशी जागा लागते. गव्हर्नर जेराल्ड आँजिए यांच्या काळात, १६७०च्या सुमारास, मोदी हिरजी वाच्छा यांनी इथला पहिला दोखमा बांधला. फ्रायरने माथ्यावर पाहिलेलं 'नुकतंच उभारलेलं' बांधकाम ते हेच. पुढे आणखी दोखमे झाले आणि भोवतालची जमीन मिळून डुंगरवाडी तयार झाली. आजही तिथे ५० एकरांहून जास्त दाट झाडी आहे.

म्हणजे अठराव्या शतकात टेकडीचं चित्र असं होतं: दक्षिण उतारावर तीर्थ आणि स्मशान, उत्तर अंगाला दोखमे, मधल्या भागात गवत आणि झाडी. राहण्यासाठी जागा शोधणारा माणूस, मग तो कोणत्याही धर्माचा असो, इकडे फिरकणं कठीणच. शंभर-दीडशे वर्षांनी याच टेकडीवर घर असणं ही प्रतिष्ठेची खूण व्हावी, हे तेव्हाच्या कोणाला सांगितलं असतं तर त्याने वेड्यातच काढलं असतं.

खरंच इथे वाघ होते का?

होते, निदान येत-जात होते. १८२०च्या दशकाच्या सुरुवातीला टेकडीवरून एक वाघ खाली उतरून गवालिया टँकवर पाणी पिऊन गेल्याची नोंद सापडते. गवालिया टँक म्हणजे टेकडीच्या पूर्व पायथ्याचं तळं. तिथे गवळी गुरं पाण्यावर आणत. तळं पुढे बुजलं, त्याचं मैदान झालं, आणि १९४२च्या 'चले जाव'मुळे ते ऑगस्ट क्रांती मैदान झालं.

एवढी हवेशीर जागा असून लोक आधीच का राहायला गेले नाहीत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा 'जंगल होतं म्हणून' असं उरकलं जातं. जंगल तोडता येतं. खरी अडचण तीन गोष्टींची होती.

पहिली, संरक्षण. कंपनीच्या मुंबईची वस्ती कोटाच्या भिंतींच्या आत होती, आणि समुद्राकडून आंग्रे, सिद्दी यांची भीती होती, तोवर भिंतीबाहेर दोन-तीन मैलांवर घर बांधणं धाडसाचं होतं. दुसरी, रस्ता. चौपाटीकडून वर जाणारी वाट इतकी उभी होती की तिचं नावच शिडी पडलं. इंग्रजांनी त्याचं 'सिरी रोड' केलं. घोडागाडी चढेल असा रस्ता नसेल तर साहेबाचा बंगला वर कसा जाणार?

तिसरी आणि सर्वांत मोठी म्हणजे पाणी. बाणगंगा पायथ्याशी, विहिरी पायथ्याशी, तळं पायथ्याशी. माथ्यावर राहणाऱ्याला प्रत्येक थेंब वर चढवून घ्यावा लागे, भिश्त्याच्या मसकेतून किंवा बैलाच्या पाठीवरच्या पखालीतून. चार माणसांच्या घराला हे परवडेल. बाग, घोडे, नोकरचाकर असलेल्या बंगल्यांची अख्खी वस्ती मात्र पखालीच्या पाण्यावर उभी राहत नाही.

टेकडीवर पहिल्यांदा कोण साहेब राहायला आले?

थेट गव्हर्नरच, पण पाहुण्यासारखे. सर इव्हान नेपियन (१८१२–१८१९) यांची मलबार पॉइंटवर एक छोटी खोली होती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (१८१९–१८२७) यांनी तिथे छोटेखानी बंगला बांधला. त्यांच्यानंतर आलेल्या सर जॉन माल्कम (१८२७–१८३०) यांना जागा इतकी आवडली की त्यांनी मेजवान्यांसाठी दालनं वाढवली. तरीही गव्हर्नरांचं मुख्य निवासस्थान परळला होतं आणि मलबार पॉइंट उन्हाळ्यात वाऱ्यासाठी यायची जागा होती. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत आले तेव्हा त्यांचाही मुक्काम परळलाच होता.

गव्हर्नर अधूनमधून येत असल्याचा एक परिणाम मात्र झाला: रस्ता सुधारला. लाटसाहेबाची बग्गी जिथे जाते तिथे खडी पडते, ही रीत आजचीच नाही. रस्ता आल्यावर कंपनीचे बडे अधिकारी आणि व्यापारी यांचे सुटे सुटे बंगले माथ्यावर दिसू लागले.

गव्हर्नर परळ सोडून कायमचे इथे कधी आले?

१८८५ मध्ये. सर जेम्स फर्ग्युसन गव्हर्नर असताना त्यांच्या पत्नीचा परळच्या वाड्यात पटकीने मृत्यू झाला आणि परळ नकोसं झालं. तात्कालिक कारण हे. पण परळ त्याआधीच बदललं होतं. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली कापड गिरणी काढायला घेतली, पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गिरण्यांची धुराडी परळपर्यंत पोचली आणि त्यांच्याभोवती कामगारांच्या चाळी दाटल्या. ज्या शहरातून सरकारला पैसा मिळत होता त्याच्या धुरापासून सरकारला लांब जायचं होतं. परळच्या त्या वाड्यात १८९९ मध्ये हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा गेली, आज तिथे हाफकिन संस्था आहे.

बंगल्यांची खरी गर्दी कधी सुरू झाली?

१८६०च्या दशकात, आणि ती तीन गोष्टी एकदम जमल्यामुळे.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१–१८६५) तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात पैशाचा पूर लोटला. याच काळात गव्हर्नर सर बार्टल फ्रियर (१८६२–१८६७) यांनी कोटाच्या भिंती पाडायला घेतल्या. १८६४च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. भिंतींच्या आत श्वास घ्यायला जागा उरली नव्हती. आणि १८६४ मध्येच गुजरातेतून येणारी बी. बी. अँड सी. आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वे ग्रँट रोडपर्यंत पोचली, म्हणजे टेकडीच्या जवळपास पायथ्याशी. १८६७ मध्ये विरारहून बॅक बेपर्यंत गाडी सुरू झाली.

१८६५ मध्ये युद्ध संपलं आणि कापसाचा बाजार कोसळला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या धनिकांपासून लहान दलालांपर्यंत कितीतरी जण बुडाले, बॅक बे भरून जमीन करणारी कंपनीही बुडाली. पण तेजीत आखलेले रस्ते कुठे गेले नाहीत. चौपाटीच्या काठाने फोर्टकडे जाणारा रस्ता तयार झाल्यावर मलबार हिल ते कचेरी हे अंतर घोडागाडीने रोज जाण्यासारखं झालं. घर एकीकडे, पेढी दुसरीकडे ही सवय मुंबईला लागली ती इथपासून. तोवर दुकानावर किंवा पेढीच्या माडीवर राहण्याचीच पद्धत होती.

आणि पाणी वर कसं चढलं?

या प्रश्नावर जरा थांबू, कारण माझ्या मते मलबार हिल 'वस्ती' झाली ती इथे.

मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा मिळालं विहार तलावातून. हेन्री कॉनिबेअर यांच्या योजनेनुसार १८६० मध्ये हे काम पुरं झालं आणि लोखंडी नळाने पाणी शहरात आलं. विहारची पूर्ण भरलेली पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ८० मीटर. मलबार हिलचा माथा ५५ मीटरच्या आसपास. कागदावर पाहिलं तर पाणी आपोआप चढायला हवं. पण कित्येक मैलांच्या नळात घर्षणाने दाब कमी होतो, आणि वाटेत सखल भागातले हजारो नळ आधी आपला वाटा घेतात. शहराच्या पश्चिम टोकाला पोचेपर्यंत टेकडी चढण्याइतका जोर उरत नसे.

१८७९ मध्ये तुळशी तलाव पूर्ण झाला. तो विहारच्याच वरच्या अंगाला आहे, पण त्याची पातळी आहे सुमारे १३९ मीटर. विहारपेक्षा जवळजवळ ६० मीटर जास्त. आता पंपाशिवाय, निव्वळ उताराच्या बळावर पाणी मलबार हिलच्या माथ्यावर आणता येणार होतं. तसंच झालं. १८८०च्या दशकात माथ्यावर मोठा जलाशय उभा राहिला आणि तिथून पाणी उताराने खालच्या वस्तीला जाऊ लागलं. जी टेकडी शतकानुशतकं खालून पाणी वर वाहून नेत होती, तीच आता दक्षिण मुंबईला वरून पाणी देऊ लागली. आजही देते.

गव्हर्नरांचं कायमचं येणं, १८८०च्या दशकातलं ऑल सेंट्स चर्च, बंगल्यांच्या वाढत्या रांगा हे सगळं याच दशकात घडलं. यात योगायोग फारसा नाही.

हँगिंग गार्डन गिधाडांमुळे बांधलं, हे खरं का?

डुंगरवाडीची गिधाडं उघड्या जलाशयात काहीबाही टाकतील म्हणून तो झाकला आणि वर बाग केली, ही गोष्ट प्रत्येक गाइड सांगतो. गोष्ट रंगतदार आहे. पण पिण्याच्या पाण्याचा साठा झाकून ठेवणं ही कुठल्याही पाणीपुरवठ्याची साधी गरज असते. त्यासाठी गिधाडं लागत नाहीत. झाकल्यावर वर मोठं सपाट छप्पर तयार झालं आणि त्यावर बाग आली. तिला फिरोजशहा मेहता (१८४५–१९१५) यांचं नाव दिलेलं आहे, आणि मुंबई महापालिकेच्या घडणीत त्यांचा वाटा पाहता ते योग्यच आहे. बागेत मोठे वृक्ष कमी का, असं लहान मुलं विचारतात. खाली माती थोडी आणि छप्पर जास्त, म्हणून.

हे बंगले इंग्रजांच्या मालकीचे होते का?

राहणारे पुष्कळदा इंग्रज, मालक पुष्कळदा पारशी किंवा गुजराती. अधिकाऱ्याची बदली कधी होईल याचा नेम नसे, त्यामुळे तो भाड्याने राहणं पसंत करी. शहरातल्या व्यापाऱ्याला जमिनीत पैसा गुंतवायला ही उत्तम जागा होती. पुढे मालकच स्वतः राहायला आले. पेटिट, जहांगीर अशी घराणी टेकडीवर आणि तिच्या उतारावर दिसू लागली. गुजराती आणि मारवाडी जैन व्यापारी आले आणि १९०४ मध्ये रिज रोडवर बाबू अमीचंद पनालाल यांच्या नावाचं आदीश्वराचं देरासर, म्हणजे जैन मंदिर, झालं.

बंगल्यांच्या यादीत नसलेली वस्तीही होतीच. प्रत्येक बंगल्यामागे घोडेवाले, माळी, खानसामे, आया, भंगी यांच्या खोल्यांची रांग असे, आणि धोबी, गवळी उताराला किंवा पायथ्याला राहत. संख्येने पाहिलं तर टेकडीवर नेहमी हेच लोक जास्त होते.

प्लेगचा मलबार हिलशी काय संबंध?

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. दाटीच्या वस्तीतून लोक पळाले: ज्यांना गाव होतं ते गावाला, ज्यांच्याकडे पैसा होता ते मोकळ्या जागेत. काळबादेवी, भुलेश्वरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या श्रीमंत घरांनी टेकडीकडे पाहायला सुरुवात केली ती भीतीपोटी. १८९८ मध्ये शहराच्या नव्या आखणीसाठी सुधार ट्रस्ट स्थापन झाला. त्याने गावदेवी आणि चौपाटीजवळचा पायथा आखून काढला, ह्यूजेस रोड कापला आणि टेकडीची पूर्व बाजू शहरात मिसळून गेली.

रस्त्यांची जुनी नावं कोणाची?

बहुतेक अधिकाऱ्यांची. नेपियन सी रोड गव्हर्नर नेपियन यांचा. आज तो लेडी लक्ष्मीबाई जगमोहनदास मार्ग. वॉर्डन रोड कंपनी सरकारचे मुख्य सचिव फ्रान्सिस वॉर्डन यांचा. आज भुलाभाई देसाई मार्ग. रिज रोडला बाळ गंगाधर खेरांचं नाव आहे, माउंट प्लेझंट रोडला भाऊसाहेब हिऱ्यांचं. केम्प्स कॉर्नर हे मात्र कोणा साहेबाचं पद नव्हे, औषधांच्या दुकानाचं नाव. आणि तीन बत्तीला खरंच तीन दिव्यांचा खांब होता.

टेकडी खचते, ती या जुन्या बांधकामांमुळे का?

अंशतः. उतारावर रस्ता काढायचा तर एका बाजूला डोंगर कापावा लागतो आणि दुसऱ्या बाजूला भिंत घालून भराव टाकावा लागतो. मलबार हिलचे जवळपास सगळे रस्ते असेच झाले आहेत. मुरलेलं पावसाचं पाणी बाहेर पडायची वाट बुजली की त्या भिंतीवर भार येतो. ऑगस्ट २०२० मधल्या मुसळधार पावसात बी. जी. खेर मार्गालगतचा उतार कोसळून खालच्या ह्यूजेस रोडवर आला, त्याला हेही एक कारण. जे पाणी पायथ्याशी बाणगंगा होऊन निघतं तेच वाट न मिळाल्यास भिंत पाडतं.

हा जुना इतिहास प्रत्यक्ष पाहायचा तर कुठून सुरुवात करावी?

बाणगंगेपासून, आणि सकाळी. आधी तलाव आणि गल्लीतली देवळं पाहा, मग पायऱ्या चढून तीन बत्तीला या. गाडीने थेट हँगिंग गार्डनला उतरलात तर चढ जाणवत नाही, आणि चढ जाणवला नाही तर पखालीचं गणित कळत नाही. तीन बत्तीवरून रिज रोडने देरासर, चर्च आणि जलाशयावरची बाग. परतताना सिरी रोडने चौपाटीला उतरा; त्याच झाडीत २०२५ मध्ये उंचावरून जाणारी लाकडी निसर्गवाट खुली झाली आहे.

राजभवन पाहण्यासाठी आगाऊ ऑनलाइन नोंदणी आणि ओळखपत्र लागतं. तिथे ऑगस्ट २०१६ मध्ये सापडलेलं ब्रिटिशकालीन भुयार आहे, सुमारे १५० मीटर लांबीचं, तेरा खोल्यांचं. २०२२ पासून त्यात क्रांतिकारकांवरचं दालन आहे. डुंगरवाडीत पारशी नसलेल्यांना दोखम्यांकडे जाता येत नाही, तेव्हा फाटकावर हुज्जत घालू नये. पितृपक्षात बाणगंगेवर विधींसाठी मोठी गर्दी असते; नुसतं पाहायला जायचं असेल तर ते पंधरा दिवस टाळा.